फोनमधलं माझं वय

"तेजलच्या आई, तुम्ही चुकून तेजलचा फोन आणलाय," नदाफ मॅडम म्हणाल्या.

"नाही ओ, माझाच आहे."

"मग पालक म्हणून तुमची नोंद का होत नाही? हा लहान मुलाचा फोन आहे असं दाखवतंय."

शेजारच्या बाकावरच्या दोघी हसल्या. मीही हसले. म्हटलं, "माझ्यासारखाच असेल तोही, काही न कळणारा."

इचलकरंजीतल्या तेजलच्या शाळेची ती कॉम्प्युटर लॅब. शनिवारची दुपार, बाराचा सुमार. तेजल तेव्हा सातवीत होती. वर्गातल्या दोन मुलींना कुणा अनोळखी माणसाचे मेसेज आले होते, म्हणून शाळेनं सातवीच्या पालकांना बोलावलं होतं. मुलांच्या फोनवर देखरेख कशी ठेवायची, हे नदाफ मॅडम शिकवणार होत्या. वीस-बावीस आया आणि चार वडील, सगळे आपापला फोन हातात धरून बसलेले.

खरं तर मी यायची गरज नव्हती. माझा नवरा भरतेश म्हणाला होता, "तेजलचं सगळं मी केव्हाच केलंय. तू जाऊन काय करणार?" त्याचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि फोन, कॉम्प्युटर यातलं त्याला सगळं कळायचं. पण शाळेच्या चिठ्ठीत आईनंही यावं असं लिहिलं होतं, म्हणून मी आले. आणि मनातून मला शिकायचंही होतं. तेजल किती वेळ फोन बघते, हे मला नेहमी भरतेशला विचारावं लागायचं.

मॅडमनी भिंतीवरच्या पडद्यावर आपल्या भाचीचा फोन दाखवला. कोणतं ॲप किती वेळ वापरलं, ते दिसत होतं. नवीन ॲप घ्यायचं तर मोठ्यांची परवानगी लागत होती. रात्री ठरलेल्या वेळी फोन आपोआप बंद होत होता. मग त्यांनी नकाशा उघडला. नकाशावर एक ठिपका होता.

"ही माझी भाची. क्लासला जाते म्हणून सांगून गेलीय. आत्ता आहे मैत्रिणीच्या घरी."

सगळे खळखळून हसले. मग मॅडम बाकाबाकाशी जाऊन एकेकाचा फोन लावून देऊ लागल्या आणि माझ्यापाशी येऊन अडल्या. त्यांनी दोनदा करून बघितलं. कपाळावर आठी पडली. फोन माझ्या हातात परत देताना त्या हळूच म्हणाल्या, "सगळे गेले की थांबाल थोडं?"

लॅब रिकामी झाल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. वयानं त्या माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील. माझ्या शेजारी बाकावर बसल्या.

"ताई, हा फोन कुणी दिला तुम्हाला?"

"ह्यांनी. लग्नाच्या वाढदिवसाला. तीन वर्षं झाली."

"चालू कुणी करून दिला?"

"ह्यांनीच. मला त्यातलं काय कळतंय?"

त्यांनी माझा फोन घेऊन काही तरी उघडलं आणि माझ्यासमोर धरला. "हे वाचा."

वर माझं नाव होतं, विनया भरतेश मगदूम. त्याखाली जन्मतारीख. चौदा ऑगस्ट. बरोबर होती. साल मात्र माझं नव्हतं. त्यापुढं वय लिहिलेलं होतं. अकरा वर्षं. आणि खाली, या खात्याची देखरेख पालकांकडे आहे असं लिहून भरतेशचा ईमेल दिलेला.

मी तो ईमेल दोनदा वाचला. नंतर साल पुन्हा वाचलं. मला छत्तिसावं चालू होतं.

"चुकून झालं असेल," मी म्हणाले.

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

"होतं की नाही असं? बोट लागून आकडा बदलतो."

"नाही ताई. लहान मुलाचं खातं उघडताना पालकाला संमती द्यावी लागते, पासवर्ड टाकावा लागतो, प्रत्येक पायरीला हो म्हणावं लागतं. चुकून नाही होत."

मला राग आला नाही. आधी आली ती लाज. या पोरीसमोर आपण अंगावर काही न घालता बसलोय असं वाटलं. मी पदर सारखा केला.

तीन वर्षांतलं एकेक आठवायला लागलं. माझा फोन रात्री साडेनऊला बंद व्हायचा. भरतेश म्हणायचा, "कंपनीनंच तसं बसवलंय, डोळ्यांना बरं असतं." काही नवीन घ्यायला गेलं की फोन परवानगी मागायचा. तो म्हणायचा, "माझ्या नावावर घेतलाय ना, म्हणून मला विचारतोय." आणि मी कुठं जाऊन आले, ते त्याला न सांगता कळायचं. "आज मंडईतून सरळ घरी नाही आलीस, शिंप्याकडं गेलीस वाटतं?" सासूबाई कौतुकानं सांगायच्या, आमच्या भरतेशला बायकोच्या मनातलं कळतं. ते ऐकून मी लाजायचे.

"त्यांना काय काय दिसतं?" मी विचारलं.

"तुम्ही काय वापरता ते. किती वेळ वापरता. आणि फोन कुठं आहे ते."

"आत्ता?"

"आत्ता तुम्ही शाळेत आहात हे त्यांना दिसत असणार."

"फोनवर बोललेलं ऐकू येतं?"

"नाही. ते नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण एखादी जागा नोंदवून ठेवता येते. तुम्ही तिथं पोचलात की त्यांच्या फोनवर सूचना जाते. निघालात की परत एक."

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात जे आलं, ते मला नको होतं. मी ते दोन-तीनदा ढकलून बघितलं.

"मॅडम, हे दोन वर्षांपूर्वीपण असंच दिसत असेल का?"

"फोन हाच असेल तर हो."

फोन हाच होता.

माझी धाकटी बहीण त्रिशला. तिनं सुहास वायदंडेशी लग्न केलं, जातीबाहेर. अण्णांनी, आमच्या वडिलांनी, त्या दिवसापासून तिचं नाव घरात घेऊ दिलं नाही. भावकीत उघड सांगत फिरायचे, कुठं राहते ते कळू दे, मग बघतो. आई आधीच गेलेली. ती दोघं मिरजेत आहेत एवढं सगळ्यांना माहीत होतं, पण मिरज काय लहान आहे? पत्ता एकट्या मला माहीत होता. तिला दिवस गेले होते, सातवा महिना लागला तेव्हा तिचा फोन आला, "अक्का, आई नाही. तू तरी येऊन जा."

भरतेश दर गुरुवारी माल आणायला कोल्हापूरला जायचा. लागोपाठ चार गुरुवार मी मिरजेला गेले. डब्यात काही तरी करून न्यायचे, तिच्या केसांना तेल लावायचे, दुपारी चारला निघायचे. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. तो अण्णांचा लाडका जावई. त्याला का अडचणीत टाकायचं, असा माझा विचार.

चौथ्या गुरुवारी मी चारला तिथून निघाले आणि साडेचारला अण्णा आणि दोन चुलतभाऊ तिच्या दारात उभे राहिले. कडी तोडली. भांडी जिन्यावरून खाली फेकली. सुहासला गळपट्टी धरून गल्लीत आणलं. त्रिशलाला आठवा महिना होता. घरमालकानं आठ दिवसांत खोली सोडायला सांगितली.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. रडत नव्हती. आवाज अगदी कोरडा होता.

"अक्का, पत्ता तूच दिलास."

"नाही गं! तेजलची शपथ."

"लेकीची खोटी शपथ घेऊ नको," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिनं माझा फोन कधी उचलला नाही. तिला मुलगी झाली हे मला दीड महिन्यानं परक्या माणसाकडून कळलं.

दोन वर्षं मी शोधत होते की कुणी सांगितलं असेल. बसमध्ये भेटलेला आमच्या गावचा कंडक्टर? घरमालकाची बायको? रिक्षावाला? सगळ्यांवर संशय घेऊन झाला. माझ्या पर्समध्ये काय होतं, ते कधी मनात आलं नाही.

"ताई, पाणी देऊ?" नदाफ मॅडम विचारत होत्या. "हे काढून टाकायचं का? मी मदत करते. पण काढलं तर त्यांना लगेच कळेल, आणि फोनही काही वेळ अडकून राहील."

"नको, काढू नका." मी उठले. "तुम्ही इथं किती वाजेपर्यंत आहात?"

"जादा तास आहे मुलांचा. तेजलही आहे त्यात. साडेपाच होतील."

"मग हा फोन तोवर इथंच राहू दे."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, नको म्हणतील. नोकरी होती त्यांची. भरतेश शाळेच्या देणगीदारांपैकी होता.

"फोन वाजला तर मी उचलणार नाही," अखेर त्या म्हणाल्या. "तेजलच्या पप्पांनी येऊन विचारलं तर मात्र खोटं सांगणार नाही."

"खोटं नका सांगू."

त्यांनी फोन टेबलाच्या खणात ठेवला. मी मिरजेची बस पकडली. खिडकीशी बसले आणि सवयीनं तीन वेळा पर्समध्ये हात घातला.

त्रिशलाचा नवा पत्ता मला माहीत नव्हता. पण सुहास रक्त तपासायच्या लॅबमध्ये टेक्निशियन होता आणि ती लॅब मी पाहिली होती. दोन वर्षांत तिथं जायचं मनात आलं नव्हतं असं नाही. पण मिरजेचा विषय निघाला की भरतेश म्हणायचा, "जायचंय का? मी सोडतो की." अण्णांच्या लाडक्या जावयाला घेऊन तिच्या दारात कसं जायचं, म्हणून राहून जायचं.

सुहास काउंटरमागं नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. मला बघून त्याचा हात थांबला. तो उठला नाही.

"अण्णाही आलेत का मागनं?"

"नाही. एकटी आलेय. फोनसुद्धा आणला नाही."

"फोन का नाही आणला?" त्यानं एकदम मान वर केली.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाकावर दोन पेशंट बसलेले, ते ऐकत होते. ऐकू देत म्हटलं. बोलून झाल्यावर सुहासनं हातमोजे काढले. मला आतल्या खोलीत नेऊन खुर्ची दिली.

"अक्का, एक विचारू? त्या गुरुवारी दाजी तुमच्याबरोबर आले होते का?"

"ते? ते कोल्हापूरला होते."

"मी दुपारी जेवायला घरी आलो होतो, आठवतंय? तीनला परत निघालो. गल्लीत पिठाच्या गिरणीपाशी एक माणूस उभा होता. तळहातावर फोन. एकदा फोनकडं बघायचा, एकदा आमच्या माडीकडं. मला वाटलं, कुरिअरवाला असेल, पत्ता सापडत नसेल. विचारलं, कुणाकडं जायचंय? म्हणाला, कुणाकडं नाही, वाट बघतोय."

मी खुर्चीत पुढं सरकले.

"साडेचारला मला लॅबमधून बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा अण्णा वर होते. तो माणूस खालीच, गिरणीपाशी. वर आला नाही. मला मारत होते तेव्हाही तिथंच उभा होता. रात्री त्रिशलानं तुमच्या लग्नाचा फोटो काढून दाखवला. म्हणाली, हाच होता का?"

"काय म्हणालात तुम्ही?"

"हाच होता."

मी वर त्रिशलाच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा तो खाली उभा होता. चार वाजता मी जिना उतरून त्याच गल्लीतून गेले होते. म्हणजे मी येताना दिसल्यावर तो कुठं तरी आडोशाला झाला असणार. आणि त्या संध्याकाळी त्रिशलानं फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात बसून रडत होते, तेव्हा तो नेहमीच्या वेळी कोल्हापूरहून आला होता. माझ्याजवळ खाली बसला. काय झालं ते मी हुंदके देत सांगितलं. मी चोरून मिरजेला जात होते हेही तेव्हाच सांगून टाकलं. तो रागावला नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "जाऊ दे. तिला कळेल एक ना एक दिवस."

किती मोठ्या मनाचा नवरा मिळालाय, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

"आम्ही समजलो तुम्हीच त्यांना लोकेशन पाठवलंत," सुहास म्हणाला. "नाही तर त्यांना कसं कळणार? आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही."

तो मला घरी घेऊन गेला. दार त्रिशलानं उघडलं. कडेवर पोरगी होती, दीड-पावणेदोन वर्षांची, तोंडात बोट. त्रिशलानं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं जिन्यात.

"कुणी नाही," सुहास म्हणाला. "त्या काय सांगतात ते ऐक."

तिनं उंबऱ्यातच उभं राहून ऐकलं. आत ये म्हणाली नाही. माझं बोलणं मध्येच अडकत होतं. अकरा वर्षं म्हणताना तर मला दोनदा थांबावं लागलं. ती ऐकत होती, पण चेहऱ्यावर काही नव्हतं.

"तुला खरंच माहीत नव्हतं?"

"आज बारा वाजता कळलं."

"आणि तू फोन घेऊन रोज हिंडत होतीस."

"हो."

ती भिंतीला टेकली. "मी तुला काय काय बोलले असेन मनात. बाळंतपणात कळा येत होत्या तेव्हासुद्धा तुला शिव्या घातल्या मी."

"घाल की. पत्ता मीच नेऊन पोचवला."

तेव्हा ती रडली. पोरगी घाबरून तिच्या तोंडाकडं बघायला लागली. त्रिशलानं तिला माझ्याकडं दिलं. "जुई, ही मावशी," म्हणाली. बस्स, एवढंच. जेवायला वाढलं तिनं, पण मला दोन घासांपलीकडं गेलं नाही. निघताना जिन्यात मला थांबवून म्हणाली, "अक्का, घरी जाऊन काय करणार?"

"विचारणार," मी म्हणाले. त्यापुढचं मला माहीत नव्हतं.

शाळेत पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. लॅबबाहेरच्या व्हरांड्यात भरतेश बाकावर बसला होता. हातात माझा फोन. नदाफ मॅडम दारात उभ्या होत्या, हाताची घडी घालून. तेजल दप्तर पाठीला लावून नळाशी बाटली भरत होती.

"सतरा फोन केले मी," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, मऊ. "पाच तास एका जागी दिसतेस. म्हटलं, काय झालं बिचारीला."

"कुठं दिसते?"

तो मॅडमकडं बघून हसला. "घरी बोलू."

"इथंच बोलू. अण्णांना त्रिशलाचा पत्ता तुम्ही दिलात?"

"विनया, हळू. तेजल आहे."

"दिलात की नाही?"

त्यानं सुस्कारा सोडला. मी हट्टाला पेटले की सोडायचा तसा. "वडील आहेत ते. लेकीचा पत्ता बापानं मागितला तर नाही कसं म्हणायचं? ते मारामारी करतील असं मला काय माहीत?"

"तुम्ही खाली उभे होता."

हे मला माहीत असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो माझ्या जवळ आला, अगदी समजुतीच्या सुरात बोलायला लागला. "हे बघ. तू चोरून जात होतीस. मी एका शब्दानं विचारलं का? ओरडलो का कधी? हात उचलला का? दुसऱ्या कुणी बायकोला उभं चिरलं असतं. मी फक्त काळजी घेतली."

"मग माझं वय अकरा कशाला लिहिलंत?"

आणि तो म्हणाला, अगदी सहज, दुकानात गिऱ्हाइकाला माहिती द्यावी तसा, "मोठ्या माणसाला ते चालतच नाही ना. लहान लिहिल्याशिवाय चालू होत नाही ते."

नदाफ मॅडमच्या तोंडून काही तरी आवाज निघाला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"चल," भरतेश म्हणाला. "गाडी बाहेर लावलीय."

"तुम्ही व्हा पुढं. आम्ही चालत येतो."

तो जरा घोटाळला. हातातल्या माझ्या फोनकडं बघितलं, मग तो माझ्यासमोर धरला. मी हात पुढं केला नाही. तो फोन खिशात घालून गेला.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मी त्या घरात परत नांदायला गेले नाही. पहिले चार महिने त्रिशलाकडं काढले, मग तिच्याच गल्लीत खोली घेतली. सुहासच्या ओळखीनं एका लॅबच्या काउंटरवर लागले, अजून तिथंच आहे. अण्णांनी जुईचं तोंड अजून बघितलेलं नाही. भरतेश आठवड्यानं मिरजेला आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "साल दुरुस्त करून आणलंय. बघ, आता बरोबर आहे." फोन पुढं केलेला. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की माझी तक्रार तेवढीच होती. तेजल महिन्यातून दोनदा त्याला भेटायला जाते. मी अडवत नाही.

तेजलच्या फोनवर देखरेख मीही ठेवली. पण ती लावली तेव्हा तेजल माझ्या शेजारी बसली होती. नदाफ मॅडम फोनवरून एकेक पायरी सांगत होत्या. काय बंद राहील, मला काय दिसेल, कधी काढायचं, हे तिला माहीत होतं. सोळावं लागलं त्या दिवशी दोघींनी मिळून ती काढली.

लोक मला विचारतात, अगं, एवढ्यावरनं कुणी संसार मोडतं का? बहिणीसाठी गेलीस होय? खरं सांगायचं तर त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यातसुद्धा घर सोडायचं माझ्या मनात नव्हतं. घरी जायचं, भांडायचं, अबोला धरायचा, एवढंच होतं. तेजलचा हात धरून मी घराच्या रस्त्यानं निघालेसुद्धा होते.

निम्म्या रस्त्यात तिनं विचारलं, "मम्मी, तू पप्पांना काय विचारत होतीस? वय?"

"काही नाही गं."

"तुझ्या फोनमधलं ना? ते मला माहीताय."

मी थांबले. मागून सायकलवाला घंटी वाजवून गेला.

"तुला काय माहीताय?"

"पप्पांच्या फोनमध्ये आपण दोघी आहोत ना. वर मी, खाली तू. तू माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान आहेस." ती हसली. "मला मज्जा वाटायची."

"कधीपासून माहीत होतं?"

"पाचवीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. पाठीवरचं दप्तर सारखं करत ती माझ्याकडं बघत राहिली. "त्यात काय सांगायचं? सगळ्यांच्या मम्मींचं असतंच की. मला वाटलं, मी मोठी झाले की माझं निघेल, आणि लग्न झालं की परत लावतील."

मी तिचा हात घट्ट धरला आणि तिथूनच एसटी स्टँडकडं वळले.